वाचकांचे प्रश्न: पाण्याकाठचं घर आणि त्याच्या मागचं गाव

मागच्या अंकात पाण्याकाठच्या छोट्या गावांमधल्या घरांबद्दल दोन पानं लिहिली होती, त्यावर इतकी पत्रं आली की सगळ्यांना वेगवेगळं लिहिणं शक्यच नाही. गाव वेगळं, देश वेगळा, पण प्रश्न बरेचसे तेच, म्हणून त्यातली सात पत्रं निवडली आणि मुद्द्यापुरती ठेवली. एक आधीच सांगते, कायदे जागोजागी बदलतात, तेव्हा माझं वाचून थेट सही करू नका, तिथल्याच वकिलाला कागद दाखवा.

प्रश्न: ताई, आमचे हे पुढच्या वर्षी रिटायर होतायत. एका छोट्या किनाऱ्यावरच्या गावात अगदी पहिल्या रांगेतलं घर आम्हा दोघांना फार आवडलंय. तीन वेळा जाऊन आलो, तिन्ही वेळा छान ऊन होतं, गॅलरीत बसलं की समोर फक्त पाणी. एजंट म्हणतो टोकन लगेच द्या, अजून दोन पार्ट्या मागे लागल्यात. काय काय बघून घ्यायचं?

उत्तर: आधी ते टोकन थांबवा. तुम्ही तीन वेळा गेलात पण तिन्ही वेळा एकाच मोसमात गेलात, म्हणजे खरं तर एकदाच गेलात. राहायचंय बारा महिने, मग ज्या महिन्यांत तिथे कुणी फिरायला येत नाही, वारा अंगावर येतो, निम्मी दुकानं बंद असतात, त्या महिन्यांत चार दिवस राहून या, आणि जमलं तर अमावस्या किंवा पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस त्यात येतील असं बघा, कारण उधाणाची भरती तेव्हा असते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात म्हणून वेळ रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, तेव्हा भरती-ओहोटीचा तक्ता बघा आणि बरोबर भरतीच्या वेळेला त्या घराच्या अंगणात जाऊन उभ्या राहा. पाणी कुठवर आलंय ते डोळ्यांनी बघा. आणि हेही लक्षात ठेवा की तक्त्यातली उंची ही चांगल्या हवेतली असते, वादळात हवेचा दाब उतरतो तेव्हा दर १ मिलिबारला पाणी साधारण १ सेंटीमीटर वर चढतं, शिवाय वारा पाणी किनाऱ्याकडे लोटतो तो वेगळाच, त्यामुळे उधाण आणि वादळ एकाच तासाला आलं तर काय होईल हे तक्ता सांगणार नाही. ते शेजारची म्हातारी माणसं सांगतात. त्यांना फक्त विचारा, सगळ्यात वाईट वादळात पाणी कुठवर आलं होतं? माणसं आकडा सांगत नाहीत, उठतात आणि भिंतीवर हात ठेवून दाखवतात. तो हात तुमच्या जोत्याच्या वर असेल तर पुढची बोलणी वेगळी होतील.

एजंट तुम्हाला म्हणेल की हा तर शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर आहे, आता येऊन गेला म्हणजे सुटलो. असं नसतं हो. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यता, गेल्या वर्षी आला असला तरी यंदा पुन्हा १ टक्काच, आणि अशी ३० वर्षं एकापुढे एक ठेवली तर निदान एकदा तरी पाणी घरात येण्याची शक्यता २६ टक्क्यांच्या आसपास जाते. चारात एक. आणि हा हिशोब पाण्याची पातळी आहे तिथेच राहील असं धरून केलेला आहे, प्रत्यक्षात १९०१ ते २०१८ या काळात जगभरात समुद्र सरासरी २० सेंटीमीटर वर आलाय आणि अलीकडे तो वर येण्याचा वेग वाढलाय.

आता घर. मी घर बघायला जाते तेव्हा सगळ्यात आधी पाण्याकडे पाठ करते, कारण समोर पाणी दिसत असलं की माणूस भिंती बघतच नाही. गॅलरीखाली जाऊन वर बघा. स्लॅबच्या खालच्या अंगाला एक बारीक तपकिरी रेघ सरळ गेलेली दिसली, तर तिच्या आत सळई आहे आणि ती गंजतेय. खाऱ्या हवेतला क्लोराइड हळूहळू काँक्रीटमध्ये उतरतो, सळईपर्यंत पोचला की गंज धरतो, आणि गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो म्हणून आतून दाब येऊन काँक्रीटचा पोपडा सुटतो. त्या रेघेच्या आजूबाजूला बोटाच्या पेराने ठोकत जा. घट्ट असेल तिथे टणक वाजतं, सुटलेलं असेल तिथे आवाज एकदम पोकळ होतो, एकदा ऐकलात की पुन्हा विसरणार नाही. मग खिडक्यांच्या बिजागऱ्या बघा, पांढरी भुकटी साठलीय का, स्क्रूचं डोकं उरलंय की नुसता लाल डाग. आणि चारपैकी एकाच भिंतीला ताजा रंग असेल, तीही पाण्याकडच्या, तर मालकाला प्रेमाने विचारा की ह्याच भिंतीला का.

आणि ह्या सगळ्याइतकंच महत्त्वाचं एक काम. त्या चार दिवसांत एखाद्या मधल्या वारी रात्री आठ वाजता गावातून चालत एक फेरी मारा आणि दिवे मोजा. किती घरांत उजेड आहे? तुमच्या रांगेत वीस घरं असतील आणि दिवा दोनच घरांत लागत असेल, तर तुम्ही म्हातारपणी अठरा बंद कुलपांच्या शेजारी राहायला जाताय, रात्री छातीत दुखलं तर हाक कुणाला मारणार? दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, थोडं उंचावर, गॅलरीतून पाणी अर्धंच दिसेल पण शेजारी उजेड असेल असं घर मिळत असेल तर मी डोळे झाकून तेच घ्यायला सांगेन.

प्रश्न: आमच्या प्लॉटची हद्द "पाण्यापर्यंत" अशी लिहिलीय. मग समोरची वाळू आमचीच ना? लोक तिथून येजा करतात, कुंपण घालायचा विचार आहे.

उत्तर: कुंपण घालू नका, निदान हद्द नक्की कळेपर्यंत तरी. "पाण्यापर्यंत" हा शब्द कागदावर सोपा दिसतो पण पाणी एका जागी थांबत नाही, मग कुठलं पाणी? अमेरिकेत बऱ्याच राज्यांमध्ये सरासरी भरतीची रेषा धरतात आणि ती सरासरी काढतात तब्बल १९ वर्षांच्या नोंदींवरून, कारण चंद्राच्या कक्षेचं एक चक्र साधारण १८.६ वर्षांचं असतं. त्या रेषेच्या खालचं सगळं लोकांचं. ओरेगॉनने तर १९६७ मध्ये कायदा करून कोरड्या वाळूवरही, अगदी झाडोरा सुरू होतो तिथपर्यंत, लोकांचा वावरण्याचा हक्क पक्का केला. स्पेनने १९८८ च्या किनारा कायद्यात किनारा सार्वजनिक मालमत्ता ठरवला आणि त्या पट्ट्यात ज्यांची घरं आधीपासून होती त्यांची मालकी जाऊन ठरावीक वर्षांपुरता वापराचा हक्क उरला. भारतात सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, नियम १९९१ पासून आहेत आणि तेही भरतीरेषेपासूनच मोजायला सुरुवात करतात. आणि ही कल्पना काही आजची नाही, सहाव्या शतकातल्या जस्टिनियनच्या रोमन कायद्यातच लिहिलंय की हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि समुद्राचा काठ हे सगळ्यांचं आहे.

अजून एक गोष्ट जी विकणारा कधीच सांगत नाही. बऱ्याच देशांच्या कायद्यात असं आहे की किनारा हळूहळू, वर्षानुवर्षं झिजत मागे आला तर हद्दही त्याच्याबरोबर मागे येते, म्हणजे जमीन खरोखरच तुमच्या मालकीतून जाते, एकाच वादळात तुटली तर मात्र नियम वेगळा लागू शकतो. म्हणून जुना नकाशा आणि आजची मोजणी शेजारी शेजारी ठेवून बघा. येजा करणाऱ्या लोकांची वाट तुमच्या खरेदीच्या आधीपासूनची असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की ती अडवू नका, कायद्याने अडवता येत असली तरीही. त्या वाटेनेच गावातली पोरं पाण्यावर जातात आणि त्यांना तुम्ही पहिल्याच वर्षी परकं केलंत तर पुढची वीस वर्षं ते भरून निघणार नाही.

प्रश्न: शेजाऱ्याने त्याच्या घरापुढे दगडी भिंत बांधली. तेव्हापासून आमच्या पुढची वाळू भराभर कमी होतेय. तो म्हणतो तूही बांध. काय करू?

उत्तर: तुमचा अंदाज बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. लाट भिंतीवर आपटते, तिची ताकद जाते कुठे? थोडी खाली वळून पायथ्याची वाळू उकरते आणि थोडी भिंत जिथे संपते तिथून वळसा घालून शेजारच्या मोकळ्या काठाला खाते. म्हणजे भिंत संपते तिथे झीज वाढते, आणि तिथे नेमकं तुमचं घर आहे. तुम्ही बांधलीत की झीज पुढच्या घरी जाईल, मग तो बांधेल, आणि पाच वर्षांत अख्ख्या गावापुढे भिंत असेल आणि वाळू नसेल. भिंत तिच्या मागची जमीन धरून ठेवते हे खरं, पण किनारा एरवी मागे सरकून स्वतःला सांभाळतो, भिंतीमुळे त्याला मागे सरकायलाच जागा राहत नाही म्हणून तो अरुंद होत जातो.

वाळू म्हणजे नुसती बसायची जागा नाही, ती गावाची ढाल आहे, हे कळायला एक उदाहरण सांगते. इंग्लंडच्या डेव्हनमध्ये हॉलसँड्स नावाचं मासेमाऱ्यांचं गाव होतं. १८९७ पासून त्याच्या समोरच्या समुद्रतळातून दगडगोटे उपसायला सुरुवात झाली, प्लिमथच्या गोदीच्या बांधकामासाठी. गावातली माणसं ओरडून सांगत होती की आमचा किनारा खचतोय, शेवटी १९०२ मध्ये परवाना रद्द झाला पण तोवर गोट्यांचा किनारा कित्येक फूट खाली गेला होता. जानेवारी १९१७ मध्ये उधाण आणि पूर्वेचं वादळ एकत्र आलं आणि गाव संपलं. वर्षअखेरीला राहण्याजोगं एकच घर उरलं होतं. त्या माणसांनी काहीच चूक केली नव्हती, त्यांच्या पायाखालची ढाल दुसऱ्या कुणीतरी उचलून नेली होती.

तेव्हा एकट्याने भिंत बांधू नका आणि शेजाऱ्याशी एकट्याने भांडूही नका. आधी पुरावा जमवा, एकाच जागेवरून, त्याच खांबाला टेकून, दर महिन्याला उधाणानंतर ओहोटीच्या वेळी एक फोटो, तारखेसकट. गेटच्या खालच्या पायरीपासून वाळू किती खाली आहे ते टेपने मोजून वहीत लिहा. असे सहा महिने झाले की रांगेतल्या सगळ्या घरांना एकत्र बसवा, शेजाऱ्यालाही बोलवा, आणि भिंतीला परवानगी होती का हे नगरपालिकेला किंवा तिथली जी काही संस्था असेल तिला सगळ्यांच्या सहीने विचारा. वाळू बाहेरून आणून भरणं, वाळूच्या टेकड्यांवर झाडोरा लावून त्या धरून ठेवणं, घर मागे सरकवणं, हे सगळे मार्ग पूर्ण किनाऱ्याला मिळूनच करता येतात, एका प्लॉटपुरतं काहीच जमत नाही. आणि काही ठिकाणी हेही मान्य करावं लागतं की आता ह्या जागेवर राहता येणार नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर रोडांथी गावात २०२० पासून एकामागून एक घरं समुद्रात पडली, ती बांधली तेव्हा त्यांच्यापुढे रुंद किनारा होता.

प्रश्न: बँक लोन द्यायला तयार आहे म्हणजे घर सेफ आहे असं समजायचं का?

उत्तर: नाही. बँक वीस वर्षांचं लोन देते आणि विमा कंपनी एक वर्षाचा विमा देते, ह्या दोन आकड्यांमधला फरक हाच तुमचा धोका आहे. पुढच्या वर्षी विमा महागला किंवा मिळालाच नाही तरी हप्ता चालूच. म्हणून टोकनच्या आधी विम्याचं लेखी कोटेशन मागवा, पुराचा विमा त्यात आहे की वेगळा घ्यायचा ते विचारा, आणि आधीच्या मालकाने किती वेळा क्लेम केला तेही विचारा. अटी नीट वाचा. अमेरिकेत पुराच्या सरकारी विम्याची योजना १९६८ पासून आहे पण साधारणपणे पॉलिसी घेतल्यावर ३० दिवसांनी ती लागू होते, वादळाची बातमी ऐकून धावलात तर उपयोग नाही. ब्रिटनमध्ये पुराच्या जागेतल्या घरांना विमा परवडावा म्हणून २०१६ मध्ये फ्लड री नावाची योजना सुरू झाली, ती २०३९ पर्यंतच आहे आणि २००९ पासून पुढे बांधलेल्या घरांना ती मिळत नाही. तुमच्या जागी असलं काही आहे का, आणि ते कधी संपतं, हे शोधा.

प्रश्न: ताई, मी सत्तावीस वर्षांचा आहे, ह्याच गावात जन्मलो, बोटीवर काम करतो. आठ वर्षं भाड्याने राहत होतो, आता मालकाला घर सुट्टीवाल्यांना रात्रीच्या भाड्याने द्यायचंय म्हणून दोन महिन्यांत खाली कर म्हणाला. गावात निम्मी घरं बंद आहेत आणि मला राहायला जागा नाही. खूप राग येतो. बाहेरून येऊन घरं घेणाऱ्यांना बंदीच घातली पाहिजे.

उत्तर: तुला "तू" म्हणते, माझ्या मुलाच्या वयाचा आहेस. तुझा राग खोटा नाही. ज्या गावाची बोट तू चालवतोस त्या गावात तुला छप्पर नाही ह्यात काहीतरी मुळात चुकलंय आणि ते मी कुठल्याही शब्दांनी गुळगुळीत करणार नाही.

हे फक्त तुझ्यापुरतं नाही म्हणून थोडं लांब लिहिते. घर बंद राहिलं की आधी एक भाडेकरू जातो, मग त्याची पोरं शाळेतून कमी होतात, पट घसरला की वर्ग जोडले जातात, मग बस कमी होते, मग डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतो. ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवर १८२४ पासून जीवरक्षक बोटी चालवणारी आरएनएलआय ही संस्था आहे, तिच्या बोटींवर जाणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक असतात, पेजर वाजला की हातातलं काम टाकून घरून धावत निघायचं. आता सांग, किनाऱ्याजवळची घरं बंद पडली आणि ही माणसं तासाभराच्या अंतरावर राहायला गेली तर धावायचं कुणी? तुझ्या गावात असली संस्था असो नसो, आग विझवायला, अडकलेली बोट ओढायला, वादळात म्हाताऱ्यांना उचलून वर न्यायला जी माणसं लागतात ती तुझ्या वयाचीच असतात आणि ती गावात राहत असावी लागतात. गावसभेत बोलशील तेव्हा हे बोल. "मला घर हवं" ह्यापेक्षा "गावाला मी हवा आहे" हे लोकांना लवकर पटतं, आणि ते खरंही आहे.

बंदीबद्दल. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये सेंट आइव्हजच्या लोकांनी २०१६ मध्ये मतदान करून ठरवलं की गावात नवीन बांधलेलं घर हे तिथे कायम राहणाऱ्यालाच मिळेल, ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी बाजूने मत दिलं. मला त्यांचं पटतं, पण नंतरच्या अभ्यासात दिसलं की बिल्डरांनी नवीन घरं बांधणं कमी केलं आणि बाहेरचे लोक जुन्या घरांकडे वळले, कारण नियम फक्त नव्या घरांना होता. म्हणजे एका दाराला कुलूप लावलं आणि दुसरं उघडं राहिलं. वेल्सने दुसरा रस्ता घेतला, तिथे एप्रिल २०२३ पासून नगरपालिकांना दुसऱ्या घरांवर, म्हणजे मालक जिथे कायम राहत नाही अशा घरांवर, नेहमीच्या करावर आणखी ३०० टक्क्यांपर्यंत जादा कर लावता येतो, इंग्लंडमध्येही एप्रिल २०२५ पासून १०० टक्क्यांपर्यंत लावता येतो. नॉर्वेतल्या काही नगरपालिकांमध्ये तर ठरावीक घरं घेतली की त्यात कुणीतरी कायम राहिलंच पाहिजे अशी अट असते. मला विचारशील तर ही अट आणि कर दोन्ही लागतात, आणि करातून आलेला पैसा गावात भाड्याची घरं बांधायलाच वापरायचा असं आधीच ठरवून घ्यावं लागतं, नाहीतर तो रस्त्यांच्या दुरुस्तीत जातो.

अजून एक रस्ता आहे, हळू आहे पण पक्का आहे. कम्युनिटी लँड ट्रस्ट. जमीन ट्रस्टच्या नावावर कायमची, घर तुझं, आणि तू कधी विकलंस तर ठरलेल्या सूत्राने, पुढच्या गावकऱ्याला परवडेल अशा भावात. १९६९ मध्ये अमेरिकेत जॉर्जियातल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी नागरी हक्क चळवळीतल्या लोकांनी ही पद्धत सुरू केली आणि आता ती बऱ्याच देशांत आहे. सुरुवातीला जमिनीचा एक तुकडा आणि सात-आठ चिवट माणसं पुरतात.

पण हे सगळं दोन महिन्यांत होणार नाही, तुझी नोटीस दोन महिन्यांची आहे. तर ह्या आठवड्यात हे कर. करारात नोटीस किती दिवसांची लिहिलीय ते बघ, आठ वर्षं राहिलायस, बऱ्याच ठिकाणी तेवढ्या राहणाऱ्याला कायदा जास्त मुदत देतो. रात्रीच्या भाड्याला परवाना लागतो का आणि मालकाकडे तो आहे का हे विचार. आणि बंद घरांच्या मालकांना साधं पत्र लिही, हाताने, की तुमचं घर वर्षातले दहा महिने बंद असतं, मी तिथे राहीन, खिडक्या उघडीन, वादळानंतर छप्पर बघीन, भाडं वेळेवर देईन, हवं तर तुम्ही याल त्या महिन्यात मी दुसरीकडे सोय करीन. बंद घर खाऱ्या हवेत किती लवकर कुजतं हे त्या मालकांनाही माहिती असतं, वीस पत्रं लिहिलीस तर एखाद्याचं तरी उत्तर येईल असं मला मनापासून वाटतं. आलं की मला कळव.

प्रश्न: आम्ही वर्षापूर्वी अशाच एका गावात कायमचे राहायला आलो. लोक हसतात, बोलतात, पण घरी कुणी बोलावत नाही. शिवाय पहाटे चारला बोटींची इंजिनं सुरू होतात, जाळ्यांचा वास येतो. तक्रार केली तर वाईट दिसेल का?

उत्तर: हो, वाईट दिसेल, आणि मला वाटतं ते वाईट दिसणं योग्यच आहे. ती इंजिनं तुमच्या आधीपासून सुरू होतायत. फ्रान्सच्या ओलेराँ बेटावर मॉरिस नावाचा एक कोंबडा होता, शेजारी सुट्टीपुरतं घर घेतलेल्यांनी तो पहाटे आरवतो म्हणून कोर्टात केस केली, सप्टेंबर २०१९ मध्ये निकाल कोंबड्याच्या बाजूने लागला आणि अशाच भांडणांनंतर जानेवारी २०२१ मध्ये फ्रान्सने कायदाच केला की गावाकडचे आवाज आणि वास हाही जपायचा वारसा आहे. एखादी बोट विनाकारण तासभर इंजिन चालू ठेवत असेल तर मात्र धक्क्यावर जाऊन त्या माणसाशी समोरासमोर बोला, लेखी तक्रार नको.

आणि एक वर्ष म्हणजे काहीच नाही हो. अशा गावांनी खूप लोक आलेले आणि दुसऱ्या वादळानंतर घर विकून गेलेले बघितलेत, म्हणून ते जीव लावायला घाबरतात, तुमच्यात काही कमी आहे म्हणून नव्हे. तुम्हाला कुणी बोलवायची वाट बघू नका, कामाला जा. उधाणानंतर काठावर कचरा येतो तो उचलायला चार माणसं जमतात, त्यात हातमोजे घालून उभे राहा. सभेला जा, पण पहिलं वर्षभर सूचना देऊ नका, खुर्च्या लावा. सगळ्यात महत्त्वाचं, वाईट मोसमात गावाबाहेर जाऊ नका. माझ्या ओळखीच्या एका बाईंना तीन वर्षं कुणी नीट विचारलं नव्हतं, मग एका वादळी रात्री वीज गेली आणि शेजारच्या आजोबांचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. ह्यांच्याकडे इन्व्हर्टर होता. भिजत जाऊन त्यांनी वायर ओढून आणली आणि सकाळपर्यंत आजोबांच्या उशाशी बसून राहिल्या. त्या सांगत होत्या, दुसऱ्या दिवसापासून लोक दार न वाजवता आत यायला लागले.

प्रश्न: आई गेल्यावर पाण्याकाठचं घर आम्हा तीन भावंडांच्या नावावर आलंय, तिथे राहणारं आमच्यातलं कुणी नाही. एक बाहेरची पार्टी मोठी रक्कम देतेय, त्यांना रात्रीच्या भाड्याचा बिझनेस करायचाय. गावातलं एक कुटुंब, दोन शाळकरी मुलं, बरंच कमी देऊ शकतं. धाकटा भाऊ म्हणतो भावनेत वाहू नका. मी काय म्हणू?

उत्तर: धाकट्याला दोष देऊ नका, त्याचे हप्ते असतील, पोरांची शिक्षणं असतील, हक्काचे पैसे सोडून दे असं तिसऱ्या माणसाने सांगणं सोपं असतं. म्हणून आधी हिशोब स्वच्छ करा. मोठी रक्कम देणाऱ्याच्या ऑफरला अटी किती आहेत? लोन मंजूर होईल तर, परवाना मिळेल तर, अशा अटी असतील तर ती रक्कम अजून कागदावरच आहे. आणि दोघांमधला फरक तिघांत वाटला तर प्रत्येकी किती पडतो ते लिहून बघा, कधी कधी तो आकडा भांडणापेक्षा लहान निघतो.

खरंच मोठा निघाला तर मधले रस्ते आहेत. कुटुंबाला घर पाच वर्षांच्या कराराने भाड्याने द्या आणि त्या मुदतीत आज ठरलेल्या भावाने विकत घेण्याचा हक्क त्यांना लिहून द्या, तेवढ्यात त्यांचं लोन उभं राहतं. किंवा रकमेचा काही भाग आत्ता आणि बाकी हप्त्यांनी, घर तोवर तारण. तुम्ही दोघं थांबू शकत असाल आणि धाकट्याला थांबणं शक्य नसेल तर त्याचा वाटा तुम्ही दोघांनी बाजारभावाने घ्या, म्हणजे त्याच्यावर अन्याय नको आणि कमी घ्यायचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांनीच तो सोसला असं होईल.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते, मी त्या कुटुंबाला दिलं असतं. पण स्वस्तात दिलेलं घर दोन वर्षांनी त्यांनीच त्या पार्टीला विकलं तर तुम्हाला फार लागेल, तेव्हा वकिलाला सांगून दोन अटी घाला, घर कायम राहण्यासाठीच वापरायचं आणि दहा वर्षांच्या आत विकायचं झालं तर आधी तुम्हाला विचारायचं, तुमच्याकडे कायद्याने अशी अट कितपत टिकते तेही त्यालाच विचारा. आणि त्या दोन्ही अटी खरेदीखतातच यायला हव्यात, तोंडी किंवा साध्या कागदावर नकोत.